जिथे बैलांच्या घंटा काढतात

कुणाला पटवायला मी हे लिहीत नाही. पण यातला शब्द न् शब्द घडलेला आहे. मी तिथे उभी होते. कडेवर माझी मुलगी होती.

१९३४ सालचा चैत्र. दुपारचे तीन. बोर्ली पंचतनपासून दोन कोसांवरचं आमचं कोळ्यांचं गाव. माझे यजमान तिथे शाळामास्तर.

गावाबाहेर खाडीच्या कडेला एक खोलगट माळ होता. सरकारी नकाशात पडीक. बाजारपेठांचा केरकचरा तिथे टाकायचं घाटत होतं. दिवसाला तीन लॉऱ्या, भर गावातून.

पण तो माळ पडीक नव्हता.

दात येण्याआधी गेलेली मुलं गाव तिथे पुरतं. वर खूण नाही, दगड नाही. तिथून जाताना गाडीवान बैलांच्या घंटा काढून ठेवतात, एवढंच. मुलं जागी होऊ नयेत म्हणून. आमच्या गावचे गाडीवान नजमुद्दीनचाचाही काढायचे.

"निजलेल्या पोराला कसली जात, मास्तरीणबाई?" म्हणायचे.

विरोधाचा अर्ज मी लिहिला. कॉलेजात दोन वर्षं काढलेली गावात मी एकटीच. धूळ लिहिली, माश्या लिहिल्या, विहिरीचं पाणी लिहिलं.

शेजारची नीराबाई म्हणाली, "बाय, पोरांचा पन लिवा."

"साहेब हसेल हो."

"हसू दे. त्याला काय आयशीनं पालन्यात घातला न्हाय?"

मी नाही लिहिलं. मला लाज वाटली.

निकालाआधीच पहिली लॉरी आली, रस्ता जोखायला. आम्ही बायका माळाच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिलो. नीराबाई माझ्यावर ओरडली, "तुमच्या केसरला दात न्हाय आलं अजून! हितं कशाला आनली?"

घरी तिला बघायला कुणी नव्हतं. आठ महिन्यांची केसर कडेवर रडत होती.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. लांबलचक.

केसर गप्प झाली.

कावळे गप्प झाले.

आणि मग... माळातून रडणं आलं. बारीक. तान्ह्या मुलाचं.

मग दुसरं...

मग किती, ते कळेना.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. "कुनाची पोरं रडतात?"

समोर नुसतं वाळलेलं गवत.

नीराबाई खाली बसली. कान देऊन ऐकत राहिली. मग एका जागेकडे बोट केलं.

"ह्यो माजा," म्हणाली. "धाकटा."

अर्ज फेटाळला गेला. कारणं अपुरी आहेत, असं साहेबाने कळवलं. आता रोज तीन लॉऱ्या येतात. ते रडणं पुन्हा कुणी ऐकलेलं नाही.

केसर चौथ्या वर्षात आहे. त्या दुपारनंतर ती एकदाही रडलेली नाही. पडली तरी नाही. भाजलं तरी नाही.

काल लॉरी गेली तेव्हा ती अंगणात होती. मांडी घालून जमीन थोपटू लागली. हलक्या हाताने. मग थोडी सरकली... पुन्हा थोपटू लागली. मग आणखी थोडी...

"केसर, काय करतेस गं?"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

आमच्या अंगणात कधी कुणाला पुरलेलं नाही. मी घरोघर जाऊन विचारलं आहे.

दिवेलागण झाली तरी तिचं अर्धंच अंगण थोपटून झालं होतं.