वाटेत हरवलेली दहा मिनिटं

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. तपासनीस बाई आणि त्यांचे दीर त्या नकाशांच्या कचेरीत शिरले तेव्हा चार वाजत आले होते. तीन जिने चढून बाईंचे गुडघे बोलत होते. भावोजींनी सवयीने मनगट वर केलं.

"वहिनी, भिंतीवरचं घड्याळ माझ्या घड्याळाशी अगदी जुळतं. मी सकाळीच रेडिओवर लावलंय."

"बरं झालं. आधी खुर्ची बघा."

कचेरीच्या साहेबांना दम नव्हता. रुग्णालयाच्या नकाशांची स्पर्धा होती. काल पाचच्या आत नकाशे खिडकीवर पोचायला हवे होते. ते पाच वाजून पाच मिनिटांनी पोचले आणि खिडकी बंद झालेली.

"चालत पंचवीस मिनिटांची वाट. ही म्हणते, साडेचारला निघाले. मग मधली दहा मिनिटं कुठे गेली? वाटेत दुसऱ्या स्पर्धकाची कचेरी आहे, तिथे नकाशे दाखवले हिने! आज सहापर्यंत कबूल झाली नाही तर घरी बसवतो. पुन्हा या धंद्यात कुणी हिला दारात उभं करणार नाही."

नकाशे काढणाऱ्या ताई चाळिशीच्या. रडून दमल्या होत्या.

"कुठेही थांबले नाही हो. साहेब शेवटपर्यंत नकाशातला जिना इकडचा तिकडे करत होते. घड्याळ बघूनच निघाले."

"मनगटावर घड्याळ नाही?"

"कागदाला घासतं. इथे साहेब सोडून कुणीच घालत नाही."

टायपिस्टने जावक वही पुढे केली. "बघा, साडेचारच लिहिलंय मी. तसं आमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, साहेबांनीच ठेवलंय. आम्ही मनातल्या मनात दहा वजा करतो. तरी सकाळी कुणाला ना कुणाला उशिराचा शेरा बसतोच. आज मात्र एकही नाही. साहेब म्हणाले, काल कुठे गेली होती ही शिस्त?"

शेवटी लाकडी नमुने बनवणारे मिस्त्री आले.

"ताई निघाल्या तेव्हा पाचला वीस कमी होते. मी वर बघितलं ना."

"घड्याळाला चावी कोण देतं?"

"मीच. दर सोमवारी. काल जेवणाच्या सुटीत दिली."

भावोजी कानाशी आले. "वय झालंय, वहिनी. दहा मिनिटं इकडे तिकडे व्हायचीच."

बाई कष्टाने उठल्या. "साहेब, तुमच्या मनगटावर किती वाजले?"

"पाचला दहा कमी."

"आणि भिंतीवर?"

साहेबांनी मान वळवली. "पाचला... दहा कमी."

"हे घड्याळ आता बरोबर आहे. भावोजींनी आल्या आल्या सांगितलं, मीच लक्ष दिलं नाही. म्हणून तर आज शेरा नाही. काल चावी देताना काटे मागे घेतले गेले. ताईंना चार चाळीस दिसले, त्यांनी दहा वजा केले. टायपिस्टनेही केले. खऱ्या चार चाळीसला निघालेलं माणूस पाच वाजून पाचलाच पोचणार. दहा मिनिटं वाटेत गेलीच नाहीत." बाई थांबल्या. "वजा न करणारा इथे एकच जण होता."

मिस्त्रींनी टोपी काढली.

"सकाळी यायला भिंतीवरचं घड्याळ, संध्याकाळी सुटायला साहेबांच्या मनगटावरचं. वीस वर्षं रोज दहा मिनिटं जादा. गेल्या महिन्यात बायको दवाखान्यात होती. भेटायची वेळ सव्वासहापर्यंत. एक दिवस म्हटलं, साहेब, दहा मिनिटं लवकर सोडा. तुम्ही मनगट दाखवलंत. पोचलो तर दार बंद. पहाटे ती गेल्याचा निरोप आला. काल चावी देताना हात काट्याकडे गेला. ताईंचं डोक्यातच आलं नाही. कालपासून सांगायचं म्हणतोय, जीभ उचलत नाही."

भावोजींनी उगाचच चष्मा पुसला.

"मग आता मी कुणाला काढू?" साहेबांनी विचारलं.

"घड्याळ पहिल्यांदा पुढे कुणी केलं, तेवढं आठवा," बाई म्हणाल्या.

"या नकाशांवरचे माझे आठ महिने गेले, मिस्त्री," ताई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी पर्स उचलली. "चला. बसपर्यंत येते तुमच्याबरोबर."

पाचचे ठोके पडले. सुटीला तास बाकी होता. साहेबांनी सवयीने मनगट वर केलं. पण बघायला कुणी थांबलं नव्हतं.