छताची मेजवानी

सिग्ने आत आली तेव्हा पॉवल बटाटे सोलत होता आणि आस्ता ब्रून त्याच्या चुका काढत होती. पंचवीस वर्षं विमानतळाची बस चालवून पॉवल निवृत्त झाला होता. तेव्हापासून तो शेजारच्या या गुप्तहेर बाईच्या तावडीत सापडला होता, आणि सुटायची त्याला मुळीच घाई नव्हती.

"माझ्या वडिलांचं उद्या दफन आहे," सिग्ने म्हणाली. "दारू पिऊन पडले असं सगळे म्हणतायत. हा डाग घेऊन मी त्यांना पुरणार नाही."

तिचे वडील वीगो सुतारांचे मुकादम होते. विमानतळाच्या जुन्या दोन्ही टर्मिनलांवर त्यांचा हात फिरला होता आणि नवं तिसरं त्यांचं शेवटचं काम होतं. गेल्या आठवड्यात छत पूर्ण झालं. छत झालं की कामगारांना सॉसेज आणि बिअरची मेजवानी द्यायची तिथली रीत. त्या मेजवानीच्या दिवशी, भल्या सकाळी ते परांचीखाली मेलेले सापडले. शेजारी श्नॅप्स या कडक दारूची अर्धी बाटली होती. रक्ताचा अहवाल अजून यायचा होता, पण लोकांनी कधीच निकाल देऊन टाकला होता.

"पीत होते का?" आस्तानं सरळ विचारलं.

"बारा वर्षांपूर्वी सोडली. आयगिलकाकांनी सोडवली. रोज संध्याकाळी येऊन बाबांशेजारी बसून राहायचे."

नव्या टर्मिनलवर धुकं उतरलं होतं. डोक्यावरून विमानं जात होती, पण दिसत एकही नव्हतं. छताला बांधलेल्या हिरव्या माळा अजून तशाच लोंबत होत्या, कारण त्या काढायचं कुणाच्या मनातच येत नव्हतं. पॉवलला ती जागा अजिबात आवडली नाही.

इंजिनियर त्रोल्स आधीच वैतागलेला होता. "हो, आदल्या दिवशी आमचं वाजलं. छताच्या बोल्टांना तडे आहेत, मेजवानी थांबवा म्हणाला. मी म्हटलं, तपासणी झाली, सह्या झाल्या, पाहुण्यांना आमंत्रणं गेली. आता कुठे थांबवतोस?"

"मग?"

"मग काय! सकाळी आलो तो थेट पाहुण्यांच्या खुर्च्या बघायला गेलो, आणि परांचीखाली हा. मीच ओरडलो. त्याआधी कुणाला काही माहीत नव्हतं."

"याचाच हात आहे," बाहेर पडताच पॉवल म्हणाला.

"तुला सगळ्याच इंजिनियरांचा राग आहे."

"त्यांनी माझा बसथांबा चार वेळा हलवला!"

कँटीनवाली बिर्थे भांडी घासता घासता बोलत होती. "काय सांगू बाई, दिवसच मेला खराब. पाववाला उशिरा आला. पाव घ्यायला बाहेर गेले तर समोर झेंडा अर्ध्यावर. म्हटलं, गेला वाटतं कुणी जुना पेन्शनर, तोही आजच्याच दिवशी. परत आले तर सॉसेज फुटलेली. आयगिल दारात उभा, कॉफी दे म्हणाला. चेहरा पार उतरलेला. कप भरतेय तोच इंजिनियरचा ओरडा. ती कॉफी तशीच राहिली बघा."

आयगिल हे साइटचे पर्यवेक्षक, वीगोंचे तीस वर्षांचे दोस्त. सिग्नेला पाहून त्यांचे डोळे भरले.

"कामावर सगळ्यात आधी मी येतो," ते म्हणाले. "झेंडापेटीची किल्ली माझ्याकडे. उजाडलं की चढवतो, तसा त्या दिवशीही चढवला. मग कॉफीला गेलो, तेवढ्यात ओरडा ऐकला. नंतर पोलिसांनी फीत लावली, खांबाकडे कुणाला फिरकू दिलं नाही. झेंडा रात्रभर तसाच राहिला. माझ्या हयातीत असं कधी झालं नव्हतं."

"बोल्ट कुणी तपासले होते?"

"मी."

आस्तानं खिडकीतून झेंड्याच्या खांबाकडे पाहिलं. मग तिनं सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं.

"पॉवल," ती म्हणाली, "झेंडा अर्ध्यावर कधी आणतात?"

"कुणी गेलं की. शेंबडं पोरही सांगेल."

"आणि मेजवानीच्या दिवशी?"

"टोकाला! छताचा सण असतो तो."

"बिर्थेनं तो अर्ध्यावर पाहिला. कधी? त्रोल्स ओरडायच्या आधी. ओरडल्यानंतर तर खांबाकडे कुणाला जाऊच दिलं नाही. वीगो गेल्याचं कळल्यावर मात्र प्रत्येकाला वाटलं की झेंडा अर्ध्यावर असायचाच. कुणाला विचित्र वाटलं नाही, पोलिसांनाही नाही. पण झेंडा चढला तेव्हा वीगो मेल्याचं एकाच माणसाला माहीत होतं. त्याला मारणाऱ्याला."



"दोरीच अडकली असेल," पॉवल पुटपुटला. आयगिल त्याला आवडले होते.

"मग तसं सांगितलं असतं. आयगिल, मेजवानीचा झेंडा तुम्ही अर्ध्यावर का थांबवलात?"

आयगिल आपल्या हातांकडे बघत होते. "मी टोकापर्यंत नेला होता," ते अखेर म्हणाले. "नियमाप्रमाणे. पण तो तिथे खाली पडलेला, आणि वर झेंडा सणाचा. बघवेना. कधी खाली ओढला, कळलंही नाही."

"आणि त्याआधी?"

"बोल्ट मी पाहिलेच नव्हते. गुडघे गेलेत, वर चढवत नाही. न बघता सही केली. तो म्हणाला, आज सगळ्यांसमोर सांगतो. मी त्याची बाही धरली, त्यानं झटकली, मी ढकललं. फळीवर बर्फ होतं."

"बाटली तुमची?" सिग्नेनं विचारलं. तिचा आवाज इतका शांत होता की पॉवलला बटाट्यांसकट घरी पळून जावंसं वाटलं.

"पाहुण्यांसाठी आणलेली. अर्धी ओतून दिली."

"बारा वर्षं तुम्ही त्यांना सांभाळलंत, आयगिलकाका. आणि बाटली ठेवायला तुम्हीच."

आयगिलनी झेंडापेटीची किल्ली जुडग्यातून सोडवली आणि टेबलावर ठेवली. त्रोल्स पोलिसांना फोन करायला आणि छताखालची माणसं बाहेर काढायला धावला.

दुसऱ्या दिवशी झेंडा सकाळपासून अर्ध्यावर होता. दफन आटोपलं की तो टोकाला न्यायचा असतो. कबरीवरून सगळे कामगार टोप्या हातात घेऊन खांबापाशी आले. वीगो पिऊन पडले नव्हते, हे आता प्रत्येकाला ठाऊक होतं. सिग्नेनं दोरी हातात घेतली. वर काम थांबवलेलं छत धुक्यात दिसत नव्हतं.

झेंडा थोडा वर गेला आणि तिचे हात थांबले.

"ओढू का मी?" पॉवलनं हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली. "हे काम काकांचं होतं. मी गेले असते तर माझ्यासाठीही त्यांनीच केलं असतं."

आणि रडत रडतच तिनं तो टोकापर्यंत नेला.