म्यूट दाबल्यानंतर

"मुलीचा ताप उतरला का?"

कॉफीच्या मशीनपाशी उभ्या असलेल्या त्या चष्मेवाल्या माणसाने इतक्या सहज विचारलं, की ती "हो, सकाळीच—" म्हणूनही गेली. मग तिचा हात कपासकट थबकला. या माणसाला ती पहिल्यांदा बघत होती. आणि तापाबद्दल तिने ऑफिसात कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "तुम्हीच... म्हणजे, मला नाही सांगितलंत. मी ऐकलं."

म्हणजे हा कानघरातला होता तर! ऑफिस म्हणजे वॉशिंग मशीनच्या तक्रारी घेणारी हेल्पलाइन. मजल्याच्या टोकाला एक काचेची खोली होती, तिथे बसून काही जण बाकीच्यांच्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकायचे आणि गुण द्यायचे. मुलींनी खोलीचं नाव पाडलं होतं कानघर.

"पण घरी फोन लावताना मी म्यूट दाबते," ती म्हणाली.

"म्यूट दाबलं की ग्राहकाला ऐकू येत नाही." त्याने मान खाली घातली. "रेकॉर्डिंग चालूच राहतं."

तिला राग यायला हवा होता. आधी आला तो थकवा. तीन रात्री मुलीच्या कपाळावरची पट्टी बदलण्यात गेल्या होत्या, डोळ्यांत वाळू पडल्यासारखं होत होतं, आणि आता हे. ग्राहक मशीन बंद-चालू करून बघायचा, तेवढ्यात ती आईला मोबाइल लावायची. मुलीला गोष्टीचा एक तुकडा सांगायची. नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर दिवसभरात स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"काय काय ऐकलंत?"

"बूट हरवलेल्या खेकड्याची गोष्ट. आईंना औषधाची वेळ सांगता ते. आणि..." तो अडखळला. "एकदा रडलात, ते."

"वा! आणि गुण किती दिलेत रडण्याला?"

"काहीच लिहिलं नाही मी. पण साहेबांचा नवा हुकूम आहे. म्यूटवर खासगी बोलणाऱ्यांची नावं शुक्रवारी द्यायची. त्यांना नारळ मिळणार. तुमचं नाव मी देणार नाही."

नोकरी गेली तर? घरभाडं, औषधं, आई, लेक... सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. तरी ती म्हणाली, "चोरून ऐकायचं आणि वर मेहेरबानी करायची? माझ्या एकटीवर तर नकोच. बाकीच्यांनाही घरंदारं आहेत."

कॉफी तशीच ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने म्यूट दाबलं आणि नुसती बसून राहिली. मोबाइल थरथरला. "आई, खेकड्याचं पुढे काय झालं?"

"घरी आल्यावर, बाळा."

"तू अशी हळू का बोलतेस? कुणी झोपलंय का तिथे?"

तिने काचेच्या खोलीकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी तो कानघरातून बाहेर आला आणि मजल्याच्या मधोमध उभा राहिला. आवाज कापत होता, पण शेवटच्या टेबलापर्यंत पोचत होता. "म्यूट दाबल्यावरही सगळं रेकॉर्ड होतं. आम्ही ऐकतो. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतोय."

मग मागून एक वयस्क बाई किंचाळल्या, "अगं बाई! सासूबद्दल मी काय काय बोलून बसलेय!"

हशा पिकला, पण हसत हसतच सगळ्या जणी उठल्या आणि थेट साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अख्ख्या मजल्याला नारळ देता येत नाही, हे साहेबांना तिथल्या तिथे उमगलं. हुकूम गुंडाळला गेला. म्यूटवरचं रेकॉर्डिंगही बंद झालं, असं निदान सांगण्यात आलं. राग निघाला तो एकट्यावर. सोमवारी त्याला कानघरातून काढून फोनवर बसवलं — नेमकं तिच्या शेजारच्या खुर्चीत.

"मशीन नाचतंय म्हणजे... नक्की कसं नाचतंय, बाई?" पहिल्याच कॉलला त्याला घाम फुटला. त्याने भेदरून तिच्याकडे पाहिलं. तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तिने हाताचा पंजा आडवा धरला, एका बाजूने कलवला, मग हळूच सरळ केला. "हां! मशीनचे पाय एका पातळीत आहेत का बघता?" तो घाईघाईने म्हणाला. तिला ओठ चावून हसू आवरावं लागलं. किती दिवसांनी!

संध्याकाळी बसथांब्यावर भुरभुर पाऊस होता. तो छत्री घेऊन आला, पण जरा दूरच उभा राहिला.

"एक विचारू? खेकड्याचा शेवटचा बूट सापडला का?"

"माझं पुष्कळ ऐकलंत तुम्ही," ती म्हणाली. "आता तुम्ही बोलायचं. फिटंफाट होईपर्यंत."

"त्याला वर्षं लागतील."

"बस कुठे आलीय अजून?"

मग तो बोलत राहिला. कुत्र्यांना घाबरतो. बहिणीने शिकवूनही भात करपवतो. दिवसभर परक्यांचं ऐकून घरी गेला की बोलायलाच कुणी नसतं. ती छत्रीखाली कधी सरकली, दोघांनाही कळलं नाही. तिचे दमलेले खांदे जरासे सैलावले होते.

"आणि... तुमचा आवाज आला की दिवस बरा जायचा. तो आवाज ऐकायचा हक्क मला नव्हता, तरीसुद्धा." त्याने चष्म्यावरचे थेंब पुसले. "मला तू आवडतेस."

बसचे दिवे वळणावर दिसले. तिने रस्त्याकडे पाहत विचारलं, "इथे रेकॉर्डिंग चालू नाही ना?"

"नाही."

"मग पुन्हा सांग." तिने बस जाऊ दिली. "जपून ठेवायला माझ्याकडे तुझं रेकॉर्डिंग नाही."