पंगतीतली जागा

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ज्योत्स्ना बारामतीहून एसटीनं बावड्याला जायची. बाजीरावांच्या ओसरीवर तिघंच जमायचे. ऊसवाले बाजीराव, इंदापूरला शिवणकाम करणाऱ्या मुक्ताबाई आणि बारामतीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारी ज्योत्स्ना. तिघांची जात वेगळी, वय वेगळं, स्वभावाचं तर विचारूच नका. सारखी गोष्ट एकच. तिघंही 'अखंड पंगत' परिवारात वर्षानुवर्षं राहिले होते आणि तिघंही तिथून निघून आले होते.

"आपण येडे न्हवतो ओ," बाजीराव दर वेळी सांगायचे. "येडा माणूस दोन दिवसांत पळून येतो. आपण शहाणे, म्हणून सात-सात वर्षं बसलो तितं."

परिवाराची जागा कऱ्हाटी गावाच्या पलीकडं, माळावर. पत्र्याची लांब शेड, भोवती तारेचं कुंपण, एक लोखंडी फाटक. परिवार चालवणाऱ्या बाईंना सगळे आई म्हणायचे. बरोबर बाराला टोल पडायचा आणि ऐंशी माणसं एका ओळीत मांडी घालून बसायची. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाच्या स्टीलच्या ताटावर नाव कोरलेलं. कुणी कुणाची जात विचारायची नाही.

ज्योत्स्ना भुलली ती इथंच. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याआधी गावच्या पंगतीत त्यांना उकिरड्याकडच्या अंगाला बसवत. आणि इथं ती नुसती बघायला गेली तेव्हा तिच्या एका बाजूला पाटलीणबाई बसल्या, दुसऱ्या बाजूला कुणी भटजी. घरी येऊन तिनं हे कौतुकानं सांगितलं तेव्हा तिचे वडील, निवृत्त शिक्षक बुद्धघोष सर, चष्मा पुसत म्हणाले होते, "पंगतीत बसवलं म्हणून डोकं गहाण टाकायचं का पोरी?" तिला राग आला. त्या रागातच ती कायमची राहायला गेली, आणि जाताना एकोणीस वर्षांच्या धाकट्या बहिणीला, स्वरूपाला, सोबत घेऊन गेली.

मग हळूहळू बाकीचं आलं. झोप चार तासांची. फोन आईंकडं. लग्न कुणी कुणाशी करायचं ते आई सांगणार. आणि रोज संध्याकाळी उजळणी, म्हणजे पंगतीत आपल्या शेजारी बसणाऱ्यानं दिवसभरात काय चूक केली ते सगळ्यांसमोर सांगायचं. ज्योत्स्नाच्या शेजारी स्वरूपा बसायची. एकदा तिनं चोरून घरी फोन लावला आणि रडली. ज्योत्स्नानं ते उजळणीत सांगितलं. अभिमानानं सांगितलं. स्वरूपाला तीन आठवडे कुणाशी बोलायची बंदी झाली. त्या तीन आठवड्यांची आठवण आली की ज्योत्स्नाला आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी ती बाहेर पडली. स्वरूपा आली नाही. "ताई, मला भ्या वाटतं," एवढंच म्हणाली.

आता ओसरीवर बसून तिघं सगळं उलगडून बघायचे. आपल्याला कसं धरलं, कधी धरलं, आपण कुठं कुठं मान डोलावली. मुक्ताबाई शिलाई उसवावी तशा एकेक वर्ष उसवत बसायच्या. बोलणं कितीही रंगलं तरी बाराला थांबायचं. कारण बाराला तिघांचं पोट भरायचं.

हे प्रथम कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच. बारा वाजले की तोंडात चव यायची, गिळल्यासारखं व्हायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांत पोट गच्च. मग संध्याकाळपर्यंत घास जायचा नाही. पंगतीचा नियमच होता. पंगत मोडायची नाही. कुणी कायमचं उठून गेलं तरी त्याचं ताट मांडायचं, वाढायचं, आणि आई म्हणायच्या, "त्याची जागा कुणीतरी धरली पायजे."

"बरं हाय की," बाजीराव हसायचे. "आमचं दुपारचं जेवण फुकटात! कारभारणीचा त्रास वाचला."

"सवय असणार," ज्योत्स्ना म्हणायची. "इतकी वर्षं त्याच टायमाला जेवलो. शरीर शिकतं."

"सवयीनं ढेकर येतो व्हय गं? हुलग्याचा?" मुक्ताबाईंनी एकदा विचारलं.

ज्योत्स्ना रक्त तपासणारी बाई. तिनं घरी साखर मोजायचं मशीन आणलं, एक वही केली आणि शनिवारी रात्रीपासून उपाशी राहून रविवारी बोट टोचलं. पावणेबाराला आकडा आला शहाऐंशी. पाऊण वाजता, तोंडात पाण्याचा थेंब न घेता, एकशे अडतीस. तिनं मशीन बदललं. आकडा तोच, एखाददुसरा इकडंतिकडं. अकरा रविवार तिनं हे केलं. लॅबमध्ये रिपोर्टवर दोन रकाने असतात, 'उपाशीपोटी' आणि 'जेवणानंतर'. ज्योत्स्ना आपल्या वहीत दोन्ही आकड्यांपुढं 'उपाशीपोटी' लिहायची. खरं तेच होतं.

ती स्वरूपाला दर महिन्याला पत्र पाठवायची. छत्तीस पत्रं गेली, उलट ओळ आली नाही. आणि मग एका सोमवारी अनोळखी नंबरवरनं फोन आला. मागं एसटीचा हॉर्न वाजत होता.

"ताई, मी मोरगावच्या स्टँडवरनं बोलती. पापड घेऊन बाजारला आलोय. उद्या सव्वाबाराला फाटकाशी ये. पंगत बसली की तितं कुणी नसतं."

"स्वरूपा, तुला माझी पत्रं..."

फोन बंद झाला.

मंगळवारी ज्योत्स्नानं स्कूटी काढली. ऊन रणरणत होतं. कऱ्हाटी मागं टाकून माळाच्या कच्च्या रस्त्याला लागली तेव्हा लांबून टोल ऐकू आला. फाटकापाशी पोचेपर्यंत तिच्या तोंडात चव आली होती. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. वाऱ्यावर वासही तोच होता.

शेडमध्ये पंगत बसली होती. सगळ्यांच्या पाठी फाटकाकडं.

स्वरूपा कुंपणाच्या कडेनं आली. हातात कापडी पिशवी, पायात चपला नाहीत. तीन वर्षांत ती निम्मी झाली होती. ज्योत्स्नानं तिला मागं बसवलं. गाडी वळवताना तिची नजर शेडकडं गेली. स्वरूपा उठून आली म्हणजे ओळीत एक जागा रिकामी दिसायला हवी होती. दिसली नाही. उन्हातून सावलीत बघताना नीट दिसत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मोरगावच्या अलीकडं एका हॉटेलापाशी स्वरूपा म्हणाली, "ताई, भूक लागली." ज्योत्स्ना बघतच राहिली. परिवारातनं बाहेर पडलेल्या माणसाला दुपारी भूक लागलेली तिनं कधी पाहिली नव्हती. स्वरूपानं दोन प्लेट भजी आणि चार पाव खाल्ले. ज्योत्स्नाला इतका आनंद झाला की तिनं हॉटेलवाल्याला तिसरी प्लेट सांगितली.

"माझी पत्रं मिळाली तर तुला," ती म्हणाली.

"न्हाय. एकपण न्हाय."

"मग अशी एकाएकी निघालीस कशी? किती घाबरत होतीस तू."

स्वरूपा खाता खाता थांबली. चेष्टा चालली आहे का, हे तिनं बहिणीच्या तोंडाकडं बघून ताडलं.

"तूच म्हणलीस की. परवा. पंगतीत."

हॉटेलवाला कढईतला झारा आपटत होता. ज्योत्स्ना तो आवाज संपायची वाट बघत बसली.

"मी तीन वर्षांपूर्वी बाहेर आले, स्वरूपा."

"ते ठावं हाय मला. मी फाटकापातुर सोडाय आले हुते न्हवं?" स्वरूपा हळू आवाजात म्हणाली. "पर जेवायला बसायचीस की रोज. माझ्या शेजारी, तुझ्या जाग्यावर. बोलायची न्हाईस. खाली मान घालून जेवायचीस. मला वाटलं, भायेर गेलेली समदीच येत असतील दुपारची. मी कुणाला बोलले न्हाय. उजळणीत सुदीक न्हाय."

"आणि परवा?"

"परवा पयल्यांदा बोललीस. ओठ न हलवता. म्हणलीस, मोरगावच्या बाजारला गेलीस की मला फोन लाव, मी न्यायला येते. नंबर पण सांगितलास. मी म्हणलं, माझं ताट मांडतील, मी गेले तरी माझी जागा..." ती पाणी प्यायली. "तर तू म्हणलीस, तू नीघ. तुझी पण जागा मी धरते."

ज्योत्स्नानं भज्यांचे पैसे दिले आणि गाडी घराकडं काढली.

बुधवारी तिनं रजा टाकली. धाकटी लेक घरी आली म्हणून बुद्धघोष सर सकाळपासून स्वयंपाकघरात होते. चाकवताची भाजी, ज्वारीच्या भाकरी. ज्यांना चहा धड जमत नाही ते भाकरी थापत होते, आणि डोळे पुसायला चष्मा सारखा वर सारत होते. ज्योत्स्नानं आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. पावणेबाराला बोट टोचलं. चौऱ्याऐंशी.

बाराला तोंडात चव आली. आज पिठलं होतं.

पंधरा मिनिटांत पोट भरलं.

पण चव गेली नाही. नेहमी जायची. आज पुन्हा पहिल्या घासापासून सुरू झाली. भाकरी, पिठलं, भाकरी. ती भिंतीला टेकून बसली. पोटावर नाडी काचायला लागली. तिनं ती सैल केली.

स्वयंपाकघरात स्वरूपा जेवत होती. भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. "अजून घे," सर म्हणत होते, आणि ती घेत होती.

पाऊण वाजला. ज्योत्स्नानं दुसरं बोट टोचलं.

दोनशे अकरा.

"ताई, ये की जेवाय," आतून स्वरूपानं हाक मारली. "भाकरी निवती."

"तू जेव पोटभर," ज्योत्स्ना म्हणाली. "माझं झालं."

तिनं वही उघडली. आकडा लिहिला, आणि त्याच्यापुढं पहिल्यांदाच लिहिलं, जेवणानंतर.