हिरवं पाकीट आणि साठचा आकडा

"साठ!" त्साइ काकांनी पडद्यावर बोट आपटलं. "मघाशी छोट्या ग्राफिक्स कार्डानं किती चित्रं काढली? सेकंदाला साठ. आणि ओउ मास्तरांच्या या मोठ्या कार्डानं? साठच! म्हणजे वर मोठ्याचं नाव आणि आत भंगार. बनावट माल आहे हा!"

"बनावट?" रुओ-आन ओरडलीच. "आगोंगनी कधी स्क्रूसुद्धा बनावट लावला नाहीये!"

आगोंग म्हणजे तिचे आजोबा. तैपेईच्या या संगणक बाजारात, तिसऱ्या मजल्यावरच्या सदतीस नंबरच्या गाळ्यात, ते चाळीस वर्षं बिघडलेली यंत्रं दुरुस्त करत होते. हिवाळी सुट्टी लागली की रुओ-आन, तिची दहा वर्षांची बहीण श्याओ-मान आणि वर्गमित्र हाव-युन यांचा मुक्काम तिथेच.

"पोरांनी मध्ये बोलू नये," असं म्हणून त्साइ काकांनी, बाजार संघाच्या या तपासनीसानं, थेट ध्वनिक्षेपक उचलला आणि सहाही मजल्यांना ऐकवलं, "गाळा सदतीस, बनावट ग्राफिक्स कार्ड! गाळा काढून घ्यायचा की नाही, ते उद्या दहाच्या सभेत ठरेल!" मग त्यानं आगोंगच्या शटरवर तसा कागद चिकटवला. नववर्ष चार दिवसांवर आलेलं, सगळ्या दुकानांवर लाल कागद झुलतायत आणि आगोंगच्या दारावर पांढरा, सुतकाचा! माणसाला थोडी तरी लाज असावी की नाही?

आगोंगनी कार्ड उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि पायऱ्या उतरून गेले. ते पाहून रुओ-आनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या दुप्पट राग आला.

खाली नूडल्सच्या टपरीवर तिघं बसली. हाव-युननं कागदी रुमालावर आकडेमोड सुरू केली.

"हे बघ. छोट्या कार्डात हिशेब करणारे हजार गाभे. प्रत्येकाचे सेकंदाला दीडशे कोटी ठोके आणि दर ठोक्याला दोन हिशेब. झाले तीन लाख कोटी. मोठ्याचे ठोके तेवढेच, पण गाभे तीन हजार. म्हणजे नऊ लाख कोटी. तिप्पट!"

"त्साइ काका म्हणतील, हे कागदावरचं," रुओ-आन म्हणाली.

"म्हणू दे ना! प्रत्यक्षात तिप्पट नसेल, अडीचपट असेल, दुप्पट असेल. पण बरोब्बर सारखं? एकसष्ट नाही, एकोणसाठ नाही, दोन्ही वेळा साठच?"

"आणि मोठं कार्ड गारच होतं," श्याओ-मान नूडल्स सुर्र करून ओढत म्हणाली.

"काय?"

"मी हात लावला होता. आगोंगकडे चालू असताना चटका बसतो. तिकडे पंखासुद्धा फिरला नाही. छोटं मात्र तापलं होतं."

हाव-युनच्या काड्या हवेतच थांबल्या. "म्हणजे मोठं कार्ड दमलं नव्हतंच! त्याला कुणीतरी धरून ठेवलं होतं!"

"अगं श्याओ-मान, हे आधी नाही सांगायचं?"

"मला कुणी विचारलं?" श्याओ-मान फणकारली. "आणि आणखी एक. काकांच्या यंत्रावरचं पाकीट शिळं आहे."

आता मात्र दोघं ताडकन उभीच राहिली. मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट इथे प्रत्येक यंत्रावर ठेवतात. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून! यंत्राची मांडणी, म्हणजे सेटिंग, बदलली की पाकीट नवं. आणि नीट चालणाऱ्या यंत्राला कुणी बोट लावायचं नाही.

"तारीख काय होती?"

"गेल्या मार्चमध्येच संपलेली."

"म्हणजे वर्षभर कुणी त्या यंत्राची मांडणी बघितलेलीच नाही!" रुओ-आन म्हणाली. "आणि गेल्या नववर्षाला तेच यंत्र बाजाराच्या दारावरच्या मोठ्या पडद्यावर जाहिराती दाखवत होतं. चित्रं फाटू नयेत म्हणून पडद्याच्या वेगाला कुलूप लावलं होतं. साठला! कार्ड कितीही धावो, साठच्या पुढे जायचंच नाही. कुलूप तसंच ठेवून हा माणूस आगोंगना चोर म्हणतोय!"

"चल, आत्ताच सांगू!"

"तो हातही लावू देणार नाही. उद्या सांगू, सगळ्यांसमोर. आणि त्याच्याच हातानं!"

दुसऱ्या दिवशी सभा तपासणीच्या टेबलापाशीच भरली. अध्यक्षा ल्याओबाई चष्मा सावरून कागद वाचणार, तोच रुओ-आन पुढे आली.

"ल्याओ मावशी, एकच विनंती. त्साइ काकांनी स्वतःचं कार्ड याच यंत्रात लावून दाखवावं. बाजारातलं सगळ्यात भारी आहे ना?"

"आहेच मुळी!" त्साइ काका छाती फुगवून म्हणाले. "बघा, शिका जरा!" त्यांनी आपलं चकचकीत कार्ड आणून बसवलं. चाचणी सुरू झाली. गर्दीनं माना पुढे काढल्या.

पडद्यावर आकडा आला. साठ.

मग हाव-युन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "अरेरे! काका, तुम्हालाही कुणी फसवलं का हो?"

मजलाभर हशा पिकला. काकांचे कान लाल झाले. "काहीतरी बिघाड… यंत्र अगदी उत्तम चालतंय… काल तर…"

"चालतंय ना, म्हणून वर्षभर पाहिलं नाहीत!" रुओ-आननं हिरवं पाकीट उचलून अध्यक्षांपुढे तारीख धरली. "मावशी, मी मांडणी उघडू?"

"उघड."

तिनं मांडणी उघडली. पडद्याच्या वेगाला साठचं कुलूप होतंच! तिनं ते काढलं आणि छोटं कार्ड लावलं. अडुसष्ट. मग मागे उभ्या असलेल्या आगोंगच्या हातातून फडक्यातलं कार्ड घेतलं. पंखा घूं करून फिरायला लागला.

"एकशे एक्क्याऐंशी!" श्याओ-माननं उड्या मारत आकडा वाचला. "आणि हात लावून बघा, चटका बसतो!"

ल्याओबाईंनी चष्मा काढला. "ओउ मास्तर," त्या आगोंगना म्हणाल्या, "संघाची चूक झाली. गाळा तुमचाच. आणि ही पोरं! आम्ही इतके जाणते इथे बसलोय, पण दोन आकडे सारखे का आले, एवढंसुद्धा आम्हाला विचारावंसं वाटलं नाही. बोला रे, बक्षीस काय हवं?"

"नवा कीबोर्ड!" श्याओ-मान म्हणाली.

रुओ-आननं तिच्या पाठीत कोपर मारलं. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि का उतरावा?

"ध्वनिक्षेपक हवाय," ती म्हणाली. "पण आम्हाला नको. त्साइ काकांना द्या. काल सहा मजल्यांनी जे ऐकलं, त्याचं उत्तर सहा मजल्यांनी ऐकायला हवं."

"अगं, मी त्यांची माफी मागतो ना इथे, हळूच…"

"काल हळूच बोलला होतात का?"

ल्याओबाईंनी ध्वनिक्षेपक काकांच्या हातात दिला.

आगोंग तोवर आपल्या गाळ्याकडे गेले होते. त्यांनी शटरवरचा पांढरा कागद नखानं सोलून काढला, दिवा लावला आणि सोल्डरिंगची सळई तापत ठेवली. खरखर झाली आणि वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांवर त्साइ काकांचा आवाज आला, "गाळा सदतीस… ओउ मास्तरांचं कार्ड अस्सल आहे. चूक माझी होती. मी न तपासता बोललो."

आगोंगनी मान वर केली नाही. पण हातातली तार त्यांनी खाली ठेवली आणि शेवटचा शब्द संपेपर्यंत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "रुओ-आन, खालून हिरवं पाकीट आण. ताजं. त्साइच्या यंत्रासाठी."