पाचव्या शीलावर तुटणारा दम

श्वासातली दारू मोजणारी यंत्रं तपासणं हे माझं काम. वाहतूक पोलीस ‘फूंको’ म्हणत तोंडासमोर धरतात, तीच ही यंत्रं. बरकतपुऱ्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत ती खोक्यांतून येतात. सिलिंडरमधून ठरलेल्या प्रमाणाचा वायू सोडायचा, आकडा जुळतो का पाहायचं.

त्या दुपारी कोर्टाने पाठवलेलं यंत्र माझ्या टेबलावर होतं. चिक्कडपल्लीच्या वळणावर एका गाडीने एका शाळेतल्या उमाजी नावाच्या शिपायाला चिरडलं होतं. चालकाची फुंक याच यंत्राने घेतली होती. आकडा एकशे साठ. कायद्याची मर्यादा तीस. आता चालकाचं म्हणणं, यंत्र बिघडलेलं आहे, कोणी न फुंकताही वाजतं. आणि प्यायलेला होता तो उमाजीच.

पुरावा? उमाजींच्या सदऱ्याला आलेला दारूचा वास. गाडीतलीच बाटली त्यांच्या अंगावर फुटली होती. रक्त तपासायला कोणी घेतलंच नाही. मेलेल्याला फुंकता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही लिहायचं? माझा आवाज कधी चढत नाही. सिलिंडरची कळ मात्र मी जरा जोरातच आवळली.

दोन्ही बाजूंना हजर राहायची मुभा होती. उमाजींच्या पत्नी गंगूबाई स्टुलावर अंग चोरून बसल्या होत्या. चालकाचे वकील विजय खिडकीशी उभे होते.

“हौ मॅडम, कायको इतका टाइम? बिघडलंय म्हणून लिहून टाका ना.”

“वकीलसायेब,” गंगूबाई म्हणाल्या, “दर रविवारी नल्लकुंट्याच्या विहारात लेकरांकडून पंचशील म्हणून घ्यायचे ते. दारूला शिवू नये, हे पाचवं शील. ते पितील व्हय?”

“मावशी, शील सांगणारे लई बघितले.”

मी वायू सोडला. आकडा जुळला. पुन्हा सोडला, पुन्हा जुळला. सिलिंडर बंद केला, फुंकायची वापरलेली नळी काढून टाकली. नवी नळी सीलबंद पिशवीतच शेजारी ठेवली.

यंत्र वाजलं.

फुंक चालू असेपर्यंतच येणारा तो एकसुरी आवाज. दार बंद, पंखा बंद. आवाज लांबला, मध्येच तुटला. जरा थांबून तोकडा परत आला.

“बघा! आपोआप!” विजय ओरडले. “हे लिहा, मॅडम!”

लिहिलं, तर चालक सुटणार होता. आत काही सैल झालं असेल म्हणून मी झाकण उघडून पाहिलं. सगळं घट्ट होतं.

पुन्हा वाजलं. लांब. तुटलं. तोकडं.

गंगूबाई उठल्या. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

“दमेकरी होते,” त्या म्हणाल्या. “पाचव्या शीलातलं ‘सुरामेरय’ म्हटलं की असाच दम तुटायचा. लेकरं हसायची.”

यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उजळली. श्वास पुरेसा. मद्य शून्य.

“आपोआप नाही,” मी म्हणाले. “कोणी फुंकलं की वाजतं.”

“फुंकलं कोणी? नळी तर पिशवीत आहे!”

मी पिशवी उचलून त्यांच्यापुढे धरली. सील तसंच होतं.

विजय मागे सरले.

अहवालात मी लिहिलं, यंत्र निर्दोष आहे. विजय यांनी न वाचताच साक्षीची सही केली.

पिशवी अजून माझ्या हातात होती. आतल्या नळीवर वाफ धरत होती, विरत होती. पुन्हा धरत होती.