चाळीस किलो उरतात

कार्ल्सरूहेच्या एप्रिलमधल्या पावसाला ताळतंत्र म्हणून नसतं. वल्लरी सायकल काढून निघाली तेव्हा लख्ख ऊन होतं, आणि पुलापलीकडे पोचते न पोचते तोच अशी सर कोसळली, की समोर दिसेल त्या छपराखाली शिरण्यावाचून तिला गत्यंतर उरलं नाही. ते छप्पर निघालं फिरत्या घरांच्या दुकानाचं. आवारात ओळीने वोनकाबिने मांडलेल्या... म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायच्या इवल्याशा खोल्या. आत गादी, शेगडी, हात धुवायला बेसिन. हवी तेव्हा गाडीवर चढवायची, काम झालं की चार पायांवर उतरवून ठेवायची.

छपराखाली दोघंजण आधीच हमरीतुमरीवर आले होते. एक दुकानाचे मालक ब्रेनर, पोट सुटलेले, मिश्या ओल्या. दुसरा एक उंच, सावळा तरुण, अर्धं जर्मन आणि अर्धं इंग्रजी एकत्र कालवून बोलणारा.

ब्रेनर मान हलवून नाही नाही म्हणत होते. शेवटी तो तरुण कपाळावर हात मारून मराठीत पुटपुटला, "अहो काका, हाफ-टन म्हणजे पाचशे किलो! पाचवीतलं पोर सांगेल!"

"पाचवीतलं पोर चुकेल," वल्लरी म्हणाली.

तो असा गर्रकन वळला, की छपराच्या पन्हळीतली धार नेमकी त्याच्या मानेवर पडली.

"तुम्ही... मराठी?"

"साताऱ्याची. आणि हाफ-टन हे त्या जातीच्या ट्रकचं नुसतं जुनं नाव आहे. त्यावर जाऊ नका. गाडीच्या कागदावर त्सूलाडुंग काय लिहिलंय? म्हणजे गाडी किती ओझं सोसेल?"

"सातशे."

"मग सातशे."

"म्हणजे दोनशे किलो फुकट मिळाले?"

"फुकट कसले! त्यात माणसं आली, पाणी आलं, गॅस, भांडी, अंथरूण-पांघरूण... सगळं आलं."

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"वजन कमी करणं हाच माझा धंदा आहे."

"जिममध्ये?"

"विमानात," वल्लरी हसू दाबत म्हणाली. "विमानांचे हलके भाग कसे करायचे, त्यावर डॉक्टरेट करतेय. संपत आलीय."

त्याचं नाव मल्हार. मूळचा चिंचवडचा, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून त्याने तो भलाथोरला लाल पिकअप घेतला होता. रस्त्यात तो दोन गाड्यांची जागा अडवायचा आणि शेजारी काचेवर रागाच्या चिठ्ठ्या लावून जायचे. पण मल्हारने तो घेतला होता आईसाठी. आदल्या वर्षी आई-बाबा आले, युरोपभर हिंडले, आणि आई सगळीकडे केळी खाऊन राहिली. ज्या स्वयंपाकघरात मांस शिजतं तिथलं पाणीही तिला चालेना. पॅरिसात तिने आयफेल टॉवरकडे पाठ करून केळं खाल्लं, आणि परत आल्यावर म्हणाली, "बाळा, मला जग नको दाखवूस. मला एक शेगडी दे."

"म्हणून यंदा शेगडीच बरोबर न्यायची," मल्हार म्हणाला. "ऑगस्टमध्ये येतायत दोघं. मला हलकी, स्वस्त आणि आईला आवडेल अशी खोली शोधून द्याल?"

पाऊस थांबला होता. वल्लरी "हो" म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्यानंतरचे शनिवार मग तसेच गेले. लाल पिकअपमध्ये बसायचं, कुठल्याशा गावी जायचं, एखाद्या काबिनेत शिरून गादीवर उड्या मारून बघायच्या, कपाटं उघडायची, बाहेर येऊन वजनांची बेरीज करायची. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं. तिने पुदिन्याची चटणी लावून सँडविच आणली की तो डोळे मिटून खायचा. तिच्या बाजूची काच नीट लागायची नाही, म्हणून पाऊस आला की तो गाडी चालवता चालवता डाव्या हाताने स्टिअरिंग धरून उजव्या हाताने आपलं जॅकेट तिच्याकडे सरकवायचा... आणि नजर मात्र रस्त्यावरून ढळू द्यायचा नाही.

पहिली काबिने प्लायवुडची होती, तिच्यात वीस किलो वाचत होते. आई-बाबा आणि मल्हार, शिवाय आईच्या दोन बॅगा. त्या बॅगांचं वजन तो अगदी गंभीरपणे धरायचा. कारण भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि प्रेशर कुकर यांच्याशिवाय आई विमानात पाऊल ठेवायची नाही. एवढं सगळं धरूनही गाडी मर्यादेत बसत होती.

"घेऊन टाक," वल्लरी म्हणाली.

"पडद्यांचा रंग बघितलास? आईला डाळीच्या पिठाचा रंग आवडत नाही."

"पडदे बदलता येतात रे!"

"हो, पण..."

दुसरी ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, तिच्यात पंचवीस किलो वाचले. ती त्याला बेसिन डावीकडे आहे म्हणून नको झाली. वल्लरीने कानाला खडा लावला, की पुन्हा या मुलाच्या नादी लागायचं नाही. पुढच्या शनिवारी सकाळी ती ठरल्या वेळेआधीच खाली जाऊन उभी होती.

"तो ताकाला जाऊन भांडं लपवतोय," तिच्याबरोबर राहणारी अरुंधती म्हणाली.

"नाही तर त्याला खरोखरच ताक हवं असेल," वल्लरी म्हणाली. "तसंही असू शकतं ना गं?"

हाच तर सगळा गोंधळ होता. तो वजनासाठी येतो की तिच्यासाठी? आकडेमोडीसाठी येत असेल, तर चांगल्या काबिने नाकारतो कशाला? तिच्यासाठी येत असेल, तर तोंडातून एक शब्द का काढत नाही? डॉक्टरेटच्या प्रबंधात प्रत्येक गोष्टीला पुरावा असायचा. इथे पुरावे होते, पण ते दोन्ही बाजूंचे होते.

त्यात जूनमध्ये हॅम्बर्गचं पत्र आलं. विमानं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, जिच्यासाठी ती पाच वर्षं झुरली होती. इथल्या संस्थेनेही आणखी दोन वर्षं राहा म्हणून विचारलं होतं. दोघांनाही पुढच्या सोमवारी उत्तर हवं होतं. कुठली नोकरी मोठी, यात तिला शंका नव्हती. पण हॅम्बर्ग कार्ल्सरूहेपासून फार लांब होतं, आणि मल्हारने नुसतं "राहा" म्हटलं असतं तरी ती राहिली असती. हे स्वतःशी कबूल करताना तिला स्वतःचा रागही आला आणि गंमतही वाटली.

तिने गाडीतच त्याला सांगितलं. पुढच्या सिग्नलला त्याने नको तेवढ्या जोरात ब्रेक दाबला.

"अरे वा!" मग तो म्हणाला. "अभिनंदन! हॅम्बर्ग म्हणजे... बंदर आहे ना तिथे? मासे चांगले मिळत असतील."

"मी मासे खात नाही."

"हो. नाही. म्हणजे... तू पास्ता खाशील."

वल्लरी घरापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पास्ता म्हणे!

शनिवारी तो पुन्हा आला. ब्रेनरांकडे नवी काबिने आली होती, वर उघडणाऱ्या कापडी छपराची, आजवरची सगळ्यांत हलकी. ब्रेनरांची अट अशी, की घ्यायच्या आधी सगळं सामान, सगळी माणसं भरून काट्यावर वजन करायचं. कागदावर भरवसा ठेवायचा नाही. गावाबाहेर धान्याच्या कोठाराशेजारी शेतकऱ्यांचा वजनकाटा होता. वल्लरीने मनाशी ठरवलं होतं, हा शेवटचा शनिवार. हिशेब पुरा करायचा आणि हॅम्बर्गला "हो" कळवायचं.

मल्हारने तांदळाच्या गोण्या आणि पाण्याचे कॅन काबिनेत रचले. ते आईच्या बॅगांच्या जागी. बाबांच्या जागी खुद्द ब्रेनर मागच्या सीटवर चढले, कारण पोट तसंच होतं.

"आणि आईच्या जागी?" वल्लरीने विचारलं.

"तू बसशील? मांडीवर एक कॅन घे. आईचं वजन थोडं जास्त आहे."

मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन ती बसली. आयुष्यात कुणाच्या तरी आईचं वजन भरून काढणं, एवढंच आपल्या नशिबी आलं, असं तिच्या मनात आलं आणि हसूही आलं नाही.

गाडी काट्यावर चढली. काट्याशेजारच्या खोपट्यातल्या बाईंनी आकडा वाचला, कागदावरच्या मर्यादेशी ताडला आणि अंगठा वर केला. अजून चाळीस किलो शिल्लक! ब्रेनर "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत उतरले आणि मल्हारच्या पाठीवर थाप मारून कॉफी शोधायला गेले.

"घोडं गंगेत न्हालं," वल्लरी म्हणाली. "आता तरी पेढे दे."

मल्हार स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

"अरे, काय झालं? चाळीस किलो उरले!"

"कमी पडले."

"कुणाला कमी पडले? तीन माणसं, सामान, सगळं बसलं की!"

"तू आईच्या जागी बसलीस," तो मान वर न करता म्हणाला. "तुझ्या जागी कोण बसणार?"

तिला आधी काही समजलंच नाही. मग हळूहळू एकेक शनिवार उलगडायला लागला. वाचलेले वीस, वाचलेले पंचवीस... पडद्यांचा रंग... डावीकडचं बेसिन...

"तू... चौघं धरत होतास?"

"पहिल्या शनिवारपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुझं वजन किती, असं विचारू? साताऱ्याच्या मुलीला?"

"पंचावन्न," वल्लरी म्हणाली. "विचारायचं होतंस."

"मग पंधरा कमी पडतायत."

"आणि हॅम्बर्ग? तेव्हा मासे म्हणालास. पास्ता म्हणालास! एकदा 'राहा' म्हणाला असतास तर..."

"तर राहिली असतीस?"

"हो."

"म्हणूनच नाही म्हणालो," मल्हार म्हणाला, आणि आता समोर बघायला रस्ता नव्हता, म्हणून त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "पाच वर्षं घासलीस तू त्या नोकरीसाठी. मी कोण मध्ये येणारा? मला तू थांबायला नको होतीस, वल्लरी. मला तू बरोबर हवी होतीस. ऑगस्टमध्ये आम्ही उत्तरेकडेच जाणार आहोत. तुला हॅम्बर्गला सोडायचं, आईच्या हातचं खाऊ घालत... असं ठरवलं होतं. आणि मग माझ्या कंपनीची तिथली शाखा आहे. मी अर्ज केलाय. पण तू आधी 'नाही' म्हणालीस तर... म्हणून आधी वजन जमू दे, मग बोलू, असं म्हटलं."

"वजन जमू दे, मग बोलू," तिने त्याचेच शब्द पुन्हा म्हटले. "वेडा आहेस का रे तू?"

"थोडासा."

तिने मांडीवरचा कॅन खाली ठेवला आणि तोच मोकळा हात त्याच्या हातावर ठेवला. मागे ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्याने हॉर्न वाजवला, तेव्हा मल्हारने गाडी पुढे घेतली, आणि कोठाराच्या सावलीत उभी करून फोन काढला.

"कुणाला?"

"आईला. पंधरा किलो तिच्याकडेच आहेत."

आईंचा आवाज इतका खणखणीत होता, की स्पीकरची गरजच नव्हती. मल्हारने अडचण सांगितली. चौथं माणूस कोण, हे सांगताना त्याचे कान लाल झाले.

"एवढंच ना?" आई म्हणाल्या. "मी माझी एक बॅग आणत नाही. केळी खाईन."

वल्लरीने तोंडावर हात धरला. ज्या बाईने शेगडीवाचून जग नाकारलं होतं, ती न पाहिलेल्या मुलीसाठी भाजणी घरी ठेवायला निघाली होती.

"दे तिला फोन," आई म्हणाल्या. "वल्लरी ना गं तू? थालीपीठ खातेस?"

"हो काकू. फार आवडतं. इथे भाजणी मिळत नाही."

"अगं बाई!" आई निश्चयाने म्हणाल्या, "मग भाजणी तर आलीच पाहिजे. कुकर राहू दे, एखाद्या पातेल्यात शिजवीन. आणि उरलेल्या वजनाचं मी बघते. अहो, ऐकलंत का? आजपासून तुमचा रात्रीचा भात बंद!"

मागून बाबांचा घाबरा आवाज आला, "का? मी काय केलं?"

रात्री झोपायची व्यवस्थाही आईंनीच लावली: बायका काबिनेत, पुरुष बाहेर तंबूत. त्याबाबत कुणाला मत विचारलं गेलं नाही. ब्रेनर तीन कॉफी घेऊन आले तेव्हा दोघं पोट धरून हसत होती, आणि वल्लरीच्या गालांवर पाणी होतं. ब्रेनरांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि काबिने विकली गेली का, एवढंच विचारलं.

"हो," दोघं एकदम म्हणाली.

सोमवारी सकाळी वल्लरीने हॅम्बर्गला होकार कळवला. कंपनीने विचारलं होतं, ऑगस्टच्या सुरुवातीलाच रुजू होता येईल का. तिने लिहिलं, सप्टेंबरमध्ये येईन. ऑगस्टभर मी घरच्यांबरोबर प्रवासात आहे.